दक्षिणा, बक्षीस आणि मत

पेण तालुक्यातलं वरसई हे गाव मराठी वाचकांना एका माणसामुळे ठाऊक आहे. विष्णुभट गोडसे. घरात चणचण होती. अशात बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी आली आणि हा तरुण भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहेच. गाठ पडली ती बंडाशी. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. परतल्यावर पंचवीसेक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सगळं लिहून काढलं. 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ साली, लेखकाच्या पश्चात, आणि तेही वैद्यांनी भाषेवर बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली.

गंमत अशी, की वरसईचे भटजी दक्षिणेच्या शोधात मथुरेला निघाले तेव्हा इकडे पुण्यात त्याच दक्षिणेतून लेखनाची बक्षिसं दिली जात होती.

हे सगळं मी का उकरून काढलं, ते सांगतो. गेल्या वर्षी पेण आणि रोह्याच्या आम्ही काही वाचणाऱ्या मंडळींनी मिळून दोन तालुक्यांपुरती एक लेखनस्पर्धा घ्यायचं ठरवलं. नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "त्यात काय, अर्ध्या तासाचं काम," असं सगळ्यांचं मत. मी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीवर अडलो. भाग कोण घेणार? वाचणार कोण? मत कोण देणार? म्हटलं, आपल्या आधीच्या लोकांनी काय केलं ते तरी बघू. मराठीत या तिन्ही प्रश्नांवर चांगलीच भांडणं होऊन गेली आहेत.

सुरुवात दक्षिणेपासूनच. पेशवाईत दर श्रावणात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. राज्य गेलं तरी इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही, हळूहळू आटवत नेली. १८४९ साली पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातला काही भाग चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षीस म्हणून द्यावा. त्यात लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख पुढे होते. सनातनी मंडळी खवळली, पण १८५१ पासून दक्षिणा प्राइज कमिटी कामाला लागली. जन्माने मिळणारा पैसा आता लिहिणाऱ्याला मिळणार होता. केवढा मोठा बदल!

आणि चारच वर्षांत त्या बदलाची परीक्षा झाली. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक या कमिटीकडे पाठवलं. एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला जोशी कसा फसवतो, याचं हे नाटक. कमिटीने ते नापसंत केलं. फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त याचा हिशेब मांडला आहे. त्यांचं म्हणणं असं, की ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही. ते नाटक छापून आलं १९७९ साली. म्हणजे १२४ वर्षांनी!

नियम बघा. भाग घ्यायला फुल्यांना बंदी नव्हती. दार उघडंच होतं. पण नाटकात ज्यांच्यावर टीका होती, त्यांच्यातलेच काही निवाड्याला बसले होते. ते सभासद वाईट होते असं मी म्हणत नाही. स्वतःवरच्या टीकेला स्वतः बक्षीस द्यायचं, हे भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून तर नियम लागतो.

तीस वर्षांनी उलटं घडलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरवली होती. आजच्या साहित्य संमेलनाचं मूळ तिथे आहे. १८८५ साली दुसरी सभा ठरली तेव्हा रानड्यांनी फुल्यांना आमंत्रण पाठवलं. फुल्यांनी पत्र लिहून नकार दिला. जे आम्हाला माणुसकीचे हक्कच देत नाहीत त्यांच्या सभेत आम्ही का मिसळावं, असा त्याचा आशय. ते पत्र 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं. आमंत्रण दिलं म्हणजे सहभाग खुला झाला, असं नसतं. आलेल्या माणसाला तिथे आपलं काही चालेल असं वाटलं पाहिजे.

आता मतदानाकडे येऊ. संमेलनाध्यक्षाची निवडणूक आपल्याकडे कित्येक वर्षं टपालाने व्हायची. मतदार हजार-अकराशे, तेही महामंडळाच्या घटक संस्था आणि आयोजकांनी दिलेल्या यादीतले. उमेदवार गावोगाव फिरायचे, पत्रं लिहायचे, फोन करायचे. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनासाठी रमेश मंत्री निवडून आले आणि इंदिरा संत पडल्या. आजही अध्यक्षपदाचा विषय निघाला की कुणीतरी हे उदाहरण काढतंच. मंत्री लोकप्रिय लेखक होते, त्यांचा विजय नियमाप्रमाणेच झाला. पण मतपत्रिकेवर खूण करणाऱ्याने दोघांचं किती वाचलंय, हे विचारायची सोय त्या नियमात नव्हती.

शेवटी २०१८ मध्ये महामंडळाने घटना बदलली, निवडणूक गेली आणि अध्यक्ष सन्मानाने निवडायची पद्धत आली. त्या पद्धतीने पहिल्या आल्या अरुणा ढेरे, २०१९ च्या यवतमाळ संमेलनाला. तोवरच्या ९१ संमेलनांत स्त्री अध्यक्ष फक्त चार: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष. नव्या पद्धतीच्या पहिल्या आठ संमेलनांत दोन, ढेरे आणि तारा भवाळकर. म्हणजे नवी पद्धत बरी म्हणायची का? थोडी बरी असेल. पण आता निवड बंद खोलीत होते, आणि खोली बंद असली की बाहेर कुजबूज होतेच. एक रोग गेला, दुसऱ्याची शक्यता आली.

बाहेरच्या जगात डोकावलं तर दोन युक्त्या मला फार आवडल्या. पहिली जुन्या अथेन्सची. तिथल्या नाट्यस्पर्धेत दहा जमातींमधून चिठ्ठ्या टाकून दहा परीक्षक निवडायचे. दहाही जण आपापला निकाल लिहायचे आणि त्यातल्या पाचच चिठ्ठ्या काढून मोजायचे. कुठल्या पाच निघतील हे देवालाच ठाऊक, मग लाच द्यायची कुणाला?

दुसरी पॅरिसची. १७७० साली बोर्दा नावाच्या गणितीने तिथल्या विज्ञान अकादमीपुढे एक साधं उदाहरण मांडलं. मतदार २१, उमेदवार तीन. पहिल्याला ८ मतं, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ६. पहिला जिंकला. पण उरलेल्या १३ जणांना तोच सगळ्यात नकोसा असेल तर? म्हणून एकच नाव न लिहिता क्रम लिहा आणि क्रमाला गुण द्या, असं त्याचं म्हणणं. मला हे वाचून आमच्याकडची चित्रंच डोळ्यांपुढे आली. मोठ्या आळीतला माणूस, घरात बारा मतं, शेजारी वीस. जिंकला!

एवढं वाचून झाल्यावर नियम लिहिले ते असे. प्रवेश फी नाही. हाताने लिहिलेलं चालेल. भाषा 'शुद्ध' असावी ही ओळ आधीच्या मसुद्यात होती, ती काढली. गोडसे भटजींच्या मराठीवरही हात फिरवला गेलाच होता ना! ज्याला आगरी बोलीत लिहायचंय त्याने आगरीत लिहावं. शेवटची तारीख गणपतीआधीची सुचवली गेली होती, ती दिवाळीनंतर नेली. पेण, हमरापूर, जोहे इथल्या मूर्तीच्या कारखान्यांत त्या दिवसांत माणसाला जेवायला फुरसत नसते, तो कथा कधी लिहिणार? तारीख हाही सहभागाचाच नियम असतो. रोह्याला ज्यांचं मूळ घर ते चिंतामणराव देशमुख १९१८ साली आयसीएसला पहिले आले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण १९२२ पर्यंत ती परीक्षा फक्त लंडनला व्हायची. बोट गाठू न शकलेले किती हुशार असतील, त्यांचा हिशेब कुणी ठेवला?

लेखनावर नाव नाही, फक्त क्रमांक. परीक्षक तीन, तिघंही दोन्ही तालुक्यांबाहेरचे. आयोजकांच्या घरच्यांनी भाग घ्यायचा नाही. वाचकांचं बक्षीस वेगळं, परीक्षकांचं वेगळं, दोन्हींचे गुण एकत्र करायचे नाहीत. आणि वाचकाने मत द्यायचं तर सगळं वाचून. प्रतींचे गठ्ठे दोन्ही गावांत ठेवायचे, वहीत सही करून न्यायचे, परत आणल्यावर पहिले तीन क्रम लिहून द्यायचे. स्वतःच्या लेखनाला मत नाही. शेवटी सगळे गुण भिंतीवर लावायचे.

"गावातलीच तर माणसं, एवढे नियम कशाला?" असं एका ज्येष्ठांनी विचारलं. मी म्हटलं, गावातलीच आहेत म्हणूनच हो काका. परक्याशी भांडून घरी जाता येतं. इथे रोज त्याच बाजारात, त्याच दिवा-रोहा गाडीत भेटायचं असतं.

सगळं वाचून मत द्यायच्या अटीमुळे मतदार कमी होतात, हे खरं. मला ते चालतं. ज्याने वाचलंच नाही त्याचं मत लेखनाला नसतं, लिहिणाऱ्याच्या नावाला असतं. हरलेल्याला 'आपलं कुणीतरी वाचलं होतं' एवढं कळलं, तर तो पुढच्या वर्षी पुन्हा लिहितो. 'तृतीय रत्न' नाकारलं गेलं तरी फुले लिहीत राहिले, ते फुले होते म्हणून. प्रत्येकाकडून तेवढ्या ताकदीची अपेक्षा ठेवून स्पर्धा घेता येत नाही.