किपलिंग, जॉन लॉकवुड
(१८३७–१९११). इंग्लिश आरेखनकार व कलाशिक्षक. जन्म यॉर्कशरमधील पिकरिंग येथे. बर्स्लेम येथील मृत्पात्रनिर्मितीत उमेदवारी. १८६५ मध्ये ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिक्षक म्हणून आले. त्याच वर्षी त्यांचा पुत्र, लेखक रड्यर्ड याचा जन्म झाला. क्रॉफर्ड मार्केटवरील (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) उत्थित शिल्पे त्यांचीच. १८७५ मध्ये लाहोरच्या मेयो कलाशाळेचे ते प्राचार्य झाले. तेथील संग्रहालयही त्यांनी सांभाळले. १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी संस्थानिकांना दिलेल्या भरतकामयुक्त निशाणांचे आरेखन त्यांनी केले. वस्त्रकलेतील त्यांचे हे सर्वांत ठळक काम. मात्र संस्थानिकांच्या परंपरेवर इंग्रजी धाटणीची कुलचिन्हे लादण्याचा तो प्रकार होता, हेही नोंदवले पाहिजे.

त्यांची खरी थोरवी १८७० च्या सुमारास काढलेल्या कारागिरांच्या रेखाचित्रांत आहे. त्यांत कारागीर आपल्या हत्यारांसह, प्रत्यक्ष कामात गढलेला दिसतो. हस्तव्यवसायांच्या अभ्यासकांनी ती अवश्य पाहावीत. ही चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, तर किपलिंग यांची कागदपत्रे ससेक्स विद्यापीठाच्या किपलिंग संग्रहात आहेत.