क्षयनिदान, प्रतिकारपेशींवर आधारित

क्षयजंतूंशी एकदा गाठ पडलेल्या टी-पेशी तीच प्रथिने पुन्हा भेटताच इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात. रक्तनमुन्यात हा प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीला इग्रा म्हणतात. तिच्यातील ईसॅट-6 आणि सीएफपी-10 ही प्रथिने बीसीजी लशीत नसतात. त्यामुळे माँटू त्वचाचाचणीत होणारी लशीची गल्लत येथे टळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी त्वचाचाचणी याच दोन प्रथिनांची.

अडचण वेगळीच आहे. शरीरात जंतू सुप्त आहेत की रोग जडला आहे, हे इग्रा सांगत नाही. देशव्यापी पाहणीत (2019–21) पंधरा वर्षांवरील सुमारे 31 टक्के लोकांत संसर्ग आढळला. अशा देशात नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ने काय ठरणार? कुपोषण किंवा एचआयव्ही असल्यास खऱ्या रुग्णाचीही चाचणी नकारात्मक येऊ शकते. म्हणून साक्री, शिरपूर असो वा चोपडा, यावल, खानदेशातही फुप्फुसाच्या क्षयाचा पुरावा मुख्यतः बेडक्यातच शोधायचा. भारतात विकसित झालेली ट्रूनॅट चाचणी त्यातील जंतूंचा डीएनएच शोधते.

नवे संशोधन टी-पेशींवरील एचएलए-डीआर, सीडी38 या खुणांकडे वळले आहे. सक्रिय रोगात त्या वाढतात. मात्र त्या मोजायला फ्लो सायटोमीटर लागतो, आणि तो तालुक्याच्या दवाखान्यात नसतो.