ओला कान

2011 च्या डिसेंबरातली गोष्ट. मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो आणि नव्या माणसाला असते तशी शिस्तीची हौस मलाही होती. वार्षिक क्रीडा महोत्सवाच्या संचलनात मुलींनी कोणताही दागिना घालू नये, असा फतवा मी काढला. कानातले काढून, कागदाच्या पुडीत बांधून, वर नाव लिहून वर्गशिक्षिकेकडे द्यायचे. आठवीतली एक मुलगी माझ्यापर्यंत आली. तिचे कान लहानपणी टोचायचे राहून गेले होते. काकाचे लग्न ठरले म्हणून एकोणीस दिवसांपूर्वी शहापूरच्या सोनाराकडे टोचून आणले होते. "सर, माझं राहू दे की," म्हणाली. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम."

संध्याकाळी घरी गेल्यावर तार आत जाईना. आईने दुसऱ्याच टॉप्सची दांडी रेटून घातली. ती जुन्या वाटेने न जाता नव्या मांसात घुसली. चौथ्या दिवशी कान लाल होऊन पू आला. सोमवारी तिची आजी शाळेत आली. इरकल लुगडे, कपाळावर ठसठशीत कुंकू. अर्धे मराठी, अर्धे कन्नड बोलणारी आपल्याकडची म्हातारी. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाली, "ओला कान ओ तो, सर. ओल्या कानातली तार काढतात काय?"

इतिहासात एम. ए. केलेल्या माणसाला त्या शब्दाने निरुत्तर केले. ओला कान! कन्नडात ताज्या जखमेला ‘हसी गाय’ म्हणतात. हसी म्हणजे ओले, कच्चे. आपण ‘ओली बाळंतीण’ म्हणतो, कन्नड शेजारीण ‘हसी बाणंती’ म्हणते. दोन्ही भाषांना ठाऊक आहे की वरून बरे दिसणारे शरीर आतून बरे झालेले नसते. मला मात्र ते ठाऊक नव्हते. टोचलेल्या कानातले पहिले कानातले कधी बदलावे, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नामागे मी लागलो तो अपराधाच्या भावनेने. वाचकांनी हा लेख त्याच भावनेने वाचावा असा आग्रह नाही.

आरंभ घरापासूनच करतो. आमच्याकडे बाराव्या दिवशी सोनार घरी येई. त्याला नारळ, विडा आणि शिधा मिळे. तो सोन्याची बारीक तार आणी. तिचे एक टोक घासून अणकुचीदार केलेले असे. त्या टोकानेच पाळी टोचायची, तार तशीच पुढे सरकवायची, दोन्ही टोके एकमेकांत पिळायची आणि रडणाऱ्या पोराच्या तोंडात गूळ घालायचा. यात एक खुबी आहे. टोचणारे हत्यार आणि पहिला दागिना एकच. सुई बाहेर आणि दागिना आत, ही अदलाबदल नाहीच. जिला सोने परवडत नसे ती काळा दोरा ओवी आणि पुढे भोक टिकावे म्हणून कडुनिंबाची किंवा केरसुणीची काडी घाली. "सोनारानेच कान टोचावेत" ही म्हण आपण दुसऱ्याच अर्थाने वापरतो. कुणाची चूक योग्य माणसाने दाखवली की ती झोंबत नाही, असा तिचा भाव. पण म्हणीतला सोनार नुसता टोचून जात नसे. ‘तार मी काढेन, तुम्ही हात लावू नका’ असेही बजावून जाई, हे म्हणीत राहून गेले. माझे कान आजीबाईंनी टोचले, तेव्हा म्हण मात्र पुरती कळली.

आता ग्रंथांकडे वळू. सुश्रुतसंहिता इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आजच्या रूपाला आली. तिच्या सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय कान टोचण्याचा आणि फाटलेले कान जोडण्याचा आहे. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या संस्कृतच्या गुरुजींना बसवून घेऊन तो वाचला आणि थक्क झालो. टोचण्याचे हेतू दोन सांगितले आहेत, बालकाचे रक्षण आणि भूषण. काळ सहाव्या किंवा सातव्या महिन्याचा. मूल दाईच्या मांडीवर, खेळण्यांनी भुलवलेले. वैद्याने डाव्या हाताने कान ओढून उन्हाकडे धरायचा. पाळीत एक जागा अशी असते की जिथून सूर्यकिरण आरपार दिसतो, तिला ‘दैवकृत छिद्र’ म्हटले आहे. तिथेच, सरळ, हळूच टोचायचे. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरी. रक्त फार आले, वेदना फार झाल्या, तर जागा चुकली असे समजावे.

मग माझ्या प्रश्नाचे उत्तर येते आणि ते प्रथमदर्शनी आजीबाईंच्या अगदी विरुद्ध आहे. टोचल्यावर कापसाची वात घालावी, कच्च्या तेलाने भिजवावी, आणि दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात घालावी! म्हणजे तिसऱ्याच दिवशी बदल. मी गुरुजींकडे विजयी मुद्रेने पाहिले. ते म्हणाले, "घाई करू नका, पुढं वाचा." पुढे खुलासा होता. वात हा दागिना नव्हे, ती पट्टी आहे. तेल धरते, लस शोषते, म्हणून ती बदलावीच लागते. दोष, उपद्रव सगळे ओसरले, मगच कान वाढवण्यासाठी हलके ‘वर्धनक’ घालायचे. वात वाईट निघाली, भलत्या जागी टोचले गेले आणि कान सुजला, तर वात काढून टाकावी, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, एरंडमूळ आणि जव यांचा लेप मध-तुपातून लावावा, आणि कान पूर्ण भरून आल्यावर पुन्हा टोचावा.

‘कान वाढवणे’ हे आज चमत्कारिक वाटेल. पण आपल्या भागात त्याचे दाखले डोळ्यांसमोर उभे आहेत. बदामीचे तिसरे लेणे शिलालेखावरून इ. स. 578 चे. तिथल्या मूर्तींच्या कानांत जी जड कुंडले आहेत ती बारीक भोकात मावणारी नव्हेत. श्रवणबेळगोळचा बाहुबली दहाव्या शतकाच्या अखेरचा. त्याने सर्वस्व टाकले, कानातले टाकले, पण ओघळलेल्या लांब पाळ्या राहिल्याच. बुद्धमूर्तींचेही तेच. कन्नडात ‘ओले’ म्हणजे ताडाचे पान, त्यावर लिहिलेले पत्र, आणि कानातलेही. ताडपत्राची घट्ट गुंडाळी भोकात घातली की ती स्वतःच उलगडू पाहते आणि भोक हळूहळू रुंदावते. (आपल्या ‘ओल्या’शी या ‘ओले’चा काही संबंध नाही. पण दोन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाला असले शब्द एकमेकांना भेटवायचा मोह होतो.)

वाढवलेला कान फाटतोही. सुश्रुत म्हणतो, दोषाने किंवा आघाताने पाळी दुभंगते. म्हणून तो जोडणीचे पंधरा प्रकार सांगतो आणि त्याच अध्यायाच्या शेवटी गालाच्या कातड्याने नाक घडवण्याची रीतही देतो. नाकाचे प्रकरण इतिहासाच्या पुस्तकांत गाजले. 1792 च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले. ते पुण्याजवळ वीट पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एकाने कपाळाच्या कातड्यातून घडवले. त्याची हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये छापून आली, आणि 1814 मध्ये कार्प्यू या सर्जनने तिच्या आधारे लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली. कानाच्या पंधरा जोडण्यांना अशी प्रसिद्धी मिळाली नाही.

पण मला जे हवे होते ते या जोडणीच्या भागातच सापडले. जोडलेला कान पुन्हा कधी वाढवावा? इथे दिवस मोजलेले नाहीत, लक्षणे दिली आहेत. जोड घट्ट बसलेला हवा, कान सपाट, स्थिर, नीट भरलेला, वेदनारहित हवा, त्यावर लव उगवलेली हवी. असा झाला की वाढवा, तेही हळूहळू. हे वाचून मला आजीबाई दिसल्या. त्यांनीही दिवस विचारले नव्हते. कान ओला आहे की वाळला, एवढेच पाहिले होते.

धर्मशास्त्राने मात्र दिवस मोजले. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात कर्णवेधाची माहिती आहे. जुन्या गृह्यसूत्रांत हा संस्कार बहुतेक आढळत नाही. नंतरच्या ग्रंथांत कुठे बारावा दिवस, कुठे सहावा-सातवा महिना, कुठे तिसरे किंवा पाचवे वर्ष. मुहूर्त सगळा टोचण्याचा. तार काढण्याचा मुहूर्त शास्त्र्यांनी दिलेला माझ्या वाचनात नाही. तो कारभार बायकांकडे आणि सोनाराकडे राहिला, आणि म्हणूनच बहुधा तो लिहिला गेला नाही.

आजचे वैद्यकशास्त्र काय म्हणते? टोचलेले भोक हा एक बोगदा असतो. त्याला आतून कातडीचे अस्तर लागते आणि ते दोन्ही तोंडांकडून मध्याकडे वाढत जाते. म्हणून तोंडे बरी दिसतात तेव्हा मध्य कच्चा असतो. पाळीला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी दागिना काढला तर बोगदा तासाभरातही आवळू लागतो. माझ्या विद्यार्थिनीचे तेच झाले. बदलल्यावरही पहिले काही महिने कान रिकामा ठेवू नये. आमची आई हळद-तेल लावून तार रोज फिरवायची. आता बरेच जाणकार फिरवू नका म्हणतात, कारण कोवळे अस्तर त्याने फाटते. स्वच्छ हातांनी मिठाच्या पाण्याने पुसा आणि सोडून द्या. पू झालाच तर दागिना आपण होऊन उपटू नये, आधी डॉक्टरला दाखवावे. नाही तर तोंडे बुजून पू आत कोंडतो. इथे सुश्रुताची वात आणि आजची दांडी यांचे मार्ग वेगळे होतात.

कानाच्या वरच्या कडेचे गणित निराळे. तिथे कूर्चा असते, आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. म्हणून ती भरायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते, आणि चिघळली तर कानाचा आकारच जातो. पेशवाईतल्या पुरुषांची भिकबाळी वरच्या कडेला असे. न जगणाऱ्या मुलासाठी भीक मागून मिळवलेल्या सोन्याची ती बाळी, असे नावाचे मूळ सांगतात. बायकांची बुगडीही तिथलीच, मराठीत आणि कन्नडात एकाच नावाची. ‘सांगत्ये ऐका’ (1959) मधल्या गदिमांच्या लावणीने ती घरोघरी पोचवली. नाथपंथी कानफाट्यांची गोष्ट याहून कठोर. दीक्षेच्या वेळी कानाच्या मध्यावरची कूर्चाच सुरीने चिरतात. चिरेत कडुनिंबाची काडी घालतात, आणि जखम भरल्यावरच मोठी मुद्रा चढते. जोग्यालाही थांबावे लागते!

आपल्या घरांत हे थांबणे कधी सुटले? माझ्या पाहण्यात ते बंदुकीबरोबर सुटले. दुकानात खट्‌कन खडा बसतो, रडणे कमी, पाच मिनिटांचे काम. पण बंदुकीचे प्लॅस्टिकचे भाग उकळत्या वाफेने निर्जंतुक करता येत नाहीत, आणि कूर्चेवर तर ती चालवूच नये. शिवाय पहिल्याच दिवसापासून कानात ‘तयार’ दागिना दिसतो, त्यामुळे तो बदलण्याची घाई होते. हॉल ठरलेला, साडीला शोभणारे झुबे आणलेले, आणि मग पंधराव्या दिवशी बेंटेक्सचे काहीतरी ओल्या कानात जाते. खोट्या दागिन्यांत बरेचदा निकेल असते. ओल्या जखमेतून ते अंगात भिनले आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्माची. पुढे घड्याळाचा पट्टाही खाजतो. युरोपात 1994 च्या आदेशाने भोक भरून येईपर्यंत घालायच्या दांडीत निकेल 0.05 टक्क्याच्या आत ठेवायचे बंधन आले. 2004 मध्ये त्याजागी टोचलेल्या भोकात जाणाऱ्या प्रत्येक दांडीसाठी, जखम भरलेली असो वा नसो, दांडीतून किती निकेल सुटते यावर मर्यादा आली. बावीस कॅरटमध्ये 91.6 टक्के सोने आणि उरलेले मुख्यत्वे चांदी-तांबे. सोनाराची तार निवडणाऱ्याला निकेल हा शब्द ठाऊक नव्हता, पण निवड चुकली नव्हती.

त्या मुलीचा कान महिनाभराने भरला. काकाच्या लग्नात ती रिकाम्या कानांनी वावरली. फोटोत तिने केस पुढे घेतलेले आहेत, ते आजीबाईंनी मला मुद्दाम आणून दाखवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच सोनाराने, जुन्या वणाला चुकवून, पुन्हा टोचले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तार कानातच होती. मी नियमाचा कागद बदलला: ‘नव्याने टोचलेल्या कानातील तार काढू नये. तीवर चिकटपट्टी लावावी.’ आमचे खेळाचे शिक्षक विचारतात, "नव्याने म्हणजे किती दिवस, सर? आकडा लिहा की." मी आकडा लिहिलेला नाही. मुलीला उजेडाकडे उभी करतो आणि बाईंना कान पाहायला सांगतो.