ब्रोकरजाळ्यातील संदेश-अग्रेषण

संदेशांच्या रांगा सांभाळणाऱ्या, परस्परांशी जोडलेल्या सर्व्हरांच्या समूहास ब्रोकरजाळे म्हणतात. अपाची ॲक्टिव्हएमक्यू या मुक्त-स्रोत प्रणालीत, रांगेचा ग्राहक पलीकडच्या ब्रोकरशी जोडलेला असेल तरच संदेश सहसा तिकडे पाठवला जातो. ही मागणी ॲडव्हायजरी संदेशांमुळे कळते. ते बंद असल्यास गतिशील अग्रेषण होत नाही.

समजा, बुलढाणा, खामगाव व मलकापूर येथील ब्रोकर याच क्रमाने दुहेरी जोडलेले आहेत. ‘नेटवर्क टीटीएल’चे मूळ मूल्य १, म्हणजे एकच टप्पा, असल्याने मलकापूरच्या ग्राहकाची मागणी बुलढाण्यास कळत नाही, ते २ करावे लागते.

याहून फसवा दोष अडकलेल्या संदेशाचा. बुलढाण्याहून संदेश खामगावला गेला आणि तेथील ग्राहक तो घेण्यापूर्वीच तुटून बुलढाण्यास जोडला गेला, तर संदेश खामगावातच पडून राहतो. कारण आधी भेट दिलेल्या ब्रोकरकडे तो परत पाठवला जात नाही. बुलढाण्याची रांग रिकामी दिसते व संदेश हरवल्याचा समज होतो. म्हणून शोध घेताना प्रत्येक ब्रोकरवरील प्रलंबित संदेश व ग्राहकसंख्या पाहावी. आवृत्ती ५.६ पासून ‘रिप्ले व्हेन नो कन्झ्युमर्स’ हा पर्याय चालू केल्यास, स्थानिक ग्राहक नसताना असा संदेश मागे पाठवता येतो.