प्लेनोचे रस्ते, आपली माणसे आणि सिटीचा वाहतूक विभाग



एप्रिल-मे उजाडला की आपल्यापैकी अनेकांकडे भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येतात. दिवसभर घरात बसून कंटाळलेली ही मंडळी संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी ऑफिसांतून परतणाऱ्या गाड्यांची गर्दी असते. ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या की सकाळच्या गर्दीत मुलांची भर पडते. मग पॉटलकला हमखास विषय निघतो, "आमच्या रस्त्यावर गाड्या फार जोरात जातात हो, सिटी काही करतच नाही!" सिटी बरेच काही करते, पण पॉटलकमधले बोलणे तिच्यापर्यंत पोचत नाही. ते कोणाला आणि कसे कळवायचे, सिटीची माणसे कुठे भेटतात आणि आपण घरी काय सांभाळायचे, ही माहिती येथे एकत्र देत आहोत.

रस्ते असे का आहेत?

२०२० च्या जनगणनेत प्लेनोची लोकसंख्या २,८५,४९४ होती. शहराची आखणी साधारण चौकटीची आहे. सुमारे मैलामैलावर कॉइट, कस्टर, इंडिपेंडन्स, पार्कर, लेगसी यांसारखे मोठे रस्ते आहेत. त्यांतले बरेच सहा पदरी असून मध्ये दुभाजक आहे. या चौकटींच्या आत घरांच्या शांत गल्ल्या आहेत. गाडीवाल्याला ही रचना सोयीची वाटते. पण पायी वाण्याकडे, लायब्ररीत किंवा बागेत जायचे तर कुठेतरी सहा पदर ओलांडावेच लागतात. आणि मोठ्या रस्त्यावर गर्दी झाली की काही गाड्या आपल्या गल्लीतून जवळची वाट काढतात.

वेगाचा प्रश्न नुसत्या त्रासाचा नाही. एएए फाउंडेशनने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ताशी २३ मैल वेगाच्या गाडीची धडक बसल्यास पायी माणसाच्या मृत्यूची शक्यता सरासरी १० टक्के असते. ३२ मैलांना ती २५ टक्के आणि ४२ मैलांना ५० टक्के होते. ज्येष्ठांच्या बाबतीत धोका याहून जास्त असतो. म्हणजे गल्लीतून जाणाऱ्या गाडीचा वेग दहा मैलांनी कमी होणे ही फार मोठी गोष्ट आहे.

कोणते काम कोणाकडे?

सिग्नलच्या वेळा, वेगमर्यादा, पाट्या, पादचारी पट्टे आणि गल्लीतल्या वेगाचा अभ्यास ही कामे सिटीच्या अभियांत्रिकी खात्यातील वाहतूक विभागाच्या कक्षेत येतात. खड्डे आणि उखडलेले फुटपाथ पब्लिक वर्क्स खाते पाहते. वेग मोडणाऱ्यांना पकडणे हे पोलिसांचे काम. शाळेच्या आवारातली गाड्यांची रांग आणि स्कूल बस यांबद्दल शाळेला किंवा स्कूल डिस्ट्रिक्टला विचारावे.

काही रस्ते सिटीच्या हातात नाहीत. यूएस ७५ आणि त्याचे सर्व्हिस रोड, तसेच प्रेस्टन रोड (म्हणजेच राज्य महामार्ग २८९) टेक्सास राज्याच्या वाहतूक खात्याकडे आहेत. डॅलस नॉर्थ टोलवे आणि जॉर्ज बुश टर्नपाइक टोलवे प्राधिकरणाकडे आहेत. चुकीच्या दारावर टकटक केल्याने उशीर होतो, तेव्हा आधी रस्ता कोणाचा ते पाहावे.

कळवायचे कसे?

किरकोळ गोष्टींसाठी "फिक्स इट प्लेनो" हे सिटीचे अॅप आहे. त्यात जागा आणि फोटो टाकता येतो. मोठ्या प्रश्नासाठी वाहतूक विभागाला ईमेल किंवा फोन करावा. सिटीच्या संकेतस्थळावर दोन्ही मिळतात.

"गाड्या जोरात जातात" एवढेच लिहू नये. कोणता रस्ता, कोणत्या दोन क्रॉस स्ट्रीटच्या मध्ये, कोणते वार, किती ते किती वाजता आणि नेमके काय घडते, हे लिहावे. "शाळेच्या दिवशी सकाळी साडेसात ते सव्वाआठ, डावीकडे वळणाऱ्या गाड्या पट्ट्यावर थांबत नाहीत" असे लिहिले की तंत्रज्ञाला नेमक्या वेळी येऊन पाहता येते. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. एच-१ वर असलेले, भाड्याच्या घरात राहणारे, कोणीही कळवू शकते. सरकारी कचेरीत खेटे घालण्याच्या जुन्या आठवणींमुळे आपण कचरतो, पण इथे बहुतेक काम घरबसल्या होते.

गल्लीतला वेग आणि मधून जाणाऱ्या गाड्या यांसाठी सिटीचा "सेफ स्ट्रीट्स" नावाचा कार्यक्रम आहे. यात आधी गाड्यांची संख्या आणि वेग मोजला जातो. रस्त्यावर कधी काळ्या रबरी नळ्या आडव्या टाकलेल्या दिसतात, त्या याच मोजणीसाठी असतात. आकडे पुरेसे निघाले तरी पुढचे पाऊल शेजाऱ्यांच्या संमतीनेच पडते. म्हणून एखादा शेजारी सहीचा कागद घेऊन दारात आला तर विक्रेता समजून त्याला परत पाठवू नका. वाचा, विचारा आणि पटल्यास सही करा. आपल्याकडची दोन-चार घरे गप्प राहिल्याने चांगला प्रस्ताव अडू शकतो.

"नाही" उत्तर का येते?

सर्वांत जास्त मागणी स्टॉप साइनची असते, आणि बहुधा नकारही तिलाच मिळतो. पाट्या-सिग्नलांच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे की वेग कमी करण्यासाठी स्टॉप साइन वापरू नये. आडव्या रस्त्यावर गाडीच नसेल तर लोक पाटीला जुमानत नाहीत आणि पुढे वेग वाढवून वेळ भरून काढतात. पाटी पाहून निर्धास्त झालेले मूल मात्र रस्त्यात उतरते. गतिरोधकाचेही तसेच आहे. त्यामुळे अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिका यांनाही उशीर होतो. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी मध्ये फटी सोडलेले गतिरोधक घालतात, ज्यांतून बंबाची रुंद चाके सरळ निघून जातात.

नकार आला तर कारण विचारावे आणि दुसरा उपाय सुचवावा. झाडाच्या फांदीने झाकलेली पाटी मोकळी करणे, पुसट झालेला पट्टा पुन्हा रंगवणे, पोलिसांची काही दिवस गस्त, हे छोटे उपाय लवकर होतात.

आई-बाबांसाठी खास

भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून रस्त्यात उतरताना मान आधी उजवीकडे वळते. इथे पहिली गाडी डावीकडून येते. सत्तर वर्षांची सवय दोन दिवसांत जात नाही, तेव्हा पहिला आठवडा त्यांच्याबरोबर चालावे.

सिग्नलला खांबावरचे बटण दाबावे लागते. ते न दाबल्यास पुष्कळ ठिकाणी चालणाऱ्या माणसाचे चित्र लागतच नाही. चित्र दिसताच निघावे. लाल हात लुकलुकू लागला आणि आकडे उलटे मोजले जाऊ लागले की नव्याने निघू नये, मात्र निम्म्यात असल्यास न थांबता पार व्हावे. लाल दिव्यावरही गाड्या थांबून उजवीकडे वळू शकतात, म्हणून चालकाची नजर आपल्याकडे आहे ना, ते पाहावे.

ओलांडण्याची वेळ साधारणपणे सेकंदाला साडेतीन फूट या चालीवर धरतात. ९० फूट रुंद रस्त्याला त्या हिशेबाने सुमारे २६ सेकंद होतात. सेकंदाला तीन फूट चालणाऱ्या आजींना ३० लागतात. एखाद्या चौकात वेळ खरोखरच कमी पडत असेल तर तसे विभागाला लिहावे. तिथे ज्येष्ठ मंडळी नेहमी चालतात हे कळले की वेळ तपासण्याला आधार मिळतो. आपण कळवले नाही तर त्या आजी मोजणीतही येत नाहीत.

फुटपाथ असेल तिथे त्यावरूनच चालावे, असा टेक्सासचा कायदा आहे. फुटपाथ नसेल तर डाव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावे. संध्याकाळी फिकट कपडे घालावेत. फिरण्यासाठी चिझम ट्रेल आणि ब्लूबॉनेट ट्रेल उत्तम आहेत.

गाडी चालवताना

• स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचे. मध्ये दुभाजक किंवा मोकळी जागा असेल तरच पलीकडच्यांना सूट आहे. नुसती डावीकडे वळण्याची लेन मध्ये असल्यास सूट नाही. दंड कमीत कमी ५०० डॉलर आहे.
• शाळेच्या क्षेत्रात फोन हातात घेण्यास २००९ पासून आणि गाडी चालवताना मेसेज करण्यास १ सप्टेंबर २०१७ पासून राज्यभर बंदी आहे.
• १ सप्टेंबर २०२१ पासून पट्ट्यावरील पादचाऱ्यासाठी गाडी थांबवून त्याला वाट देणे बंधनकारक आहे.
• आठ वर्षांखालील मुलांना, ती ४ फूट ९ इंचांहून उंच नसल्यास, चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतोच. आजोबांच्या मांडीवर "जवळच तर जायचंय" म्हणून बसवू नये.
• २५ ऑक्टोबर २०२५ रोजी डार्टची सिल्व्हर लाइन सुरू झाली. तिची ट्वेल्फ्थ स्ट्रीट आणि शायलो रोड ही दोन स्थानके प्लेनोत आहेत. त्या भागात रूळ ओलांडताना पलीकडे पूर्ण जागा असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सिटीची माणसे कुठे भेटतात?

"नॅशनल नाइट आउट" देशभर १९८४ पासून ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी होते. टेक्सासमध्ये उन्हामुळे ते ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी करतात. त्या संध्याकाळी गल्लीगल्लीत शेजारी जमतात, पोलीस आणि अग्निशमन दलाची माणसे भेटीला येतात. आपणही एक ताट भजी घेऊन जावे. पुढे सहीचा कागद फिरतो तेव्हा ही ओळख कामी येते.

ऑक्टोबरमध्येच शाळेत चालत जाण्याचा दिवस असतो आणि मे हा सायकलचा महिना आहे. मुलांच्या शाळेत यांपैकी काय होते ते पीटीएला विचारावे. रस्त्याचे मोठे काम निघाले की सिटी नकाशे मांडून सभा घेते, तिथे इंजिनियर समोर उभे राहून उत्तरे देतात. सिटी कौन्सिलच्या बैठका सर्वसाधारणपणे महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या सोमवारी के अॅव्हेन्यूवरील म्युनिसिपल सेंटरमध्ये होतात. तिथे नाव नोंदवून बोलता येते.

आणि एक विसरू नये. ऊन असो की थंडी, शाळेच्या चौकात हातात स्टॉपची पाटी घेऊन उभे राहणाऱ्या क्रॉसिंग गार्डला आपली मुले रोज भेटतात. कोणत्या गाड्या थांबत नाहीत, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. तक्रार लिहिण्याआधी त्यांना विचारा, आणि दिवाळीत फराळाचा एक डबा त्यांच्यासाठीही काढून ठेवा.

आपल्या गल्लीतला अनुभव आम्हालाही जरूर कळवा. एकाच चौकाबद्दल चार घरांनी लिहिले तर त्याचा उपयोग होतो, आणि ती चार घरे एकमेकांशी जोडून देणे मंडळाला सहज जमण्यासारखे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
संपादक मंडळ