हिंगोली : आधी छावणी, मग सीमा

नांदेडहून हिंगोलीला जाणाऱ्याने शहरातील वस्त्यांची नावे एकदा लक्ष देऊन ऐकावीत. पलटन, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. पायदळ, घोडदळ, तोफा, सैन्याचा बाजार आणि सैन्यातून निवृत्त झालेल्यांची वस्ती. कयाधू नदीकाठच्या या गावात एका छावणीचा संपूर्ण नकाशा नावांच्या रूपाने शिल्लक आहे.

ही छावणी येथे का आली, याचे नेहमीचे उत्तर ठरलेले असते : हिंगोली विदर्भाच्या सीमेवर होती, म्हणून. उत्तर सोपे आहे, पण क्रम उलटा आहे.

छावणी पडली १८१९ च्या सुमारास. त्या वेळी पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर सत्ता एकाच निजामाची होती. १८०३ च्या युद्धानंतर वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांकडून निजामाकडे आला होता. म्हणजे हिंगोलीच्या उत्तरेला परका मुलूख नव्हता. होता तो निजामाचाच, पण निजामाला न जुमानणारा.

(१८०३ चा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट करणे बरे. त्या वर्षी हिंगोलीजवळ टिपू सुलतान आणि मराठे यांच्यात लढाई झाली, असे वाक्य आजही छापले जाते. टिपू १७९९ मध्येच श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात मारला गेला होता. १८०३ ची मराठवाड्यातील मोठी लढाई २३ सप्टेंबरची, असईची; आणि ती होती शिंदे-भोसले विरुद्ध इंग्रज.)

न जुमानणाऱ्यांमध्ये ठळक नाव नोवसाजी नाईक यांचे. पैनगंगेच्या डोंगराळ मुलखातील हे हटकर सरदार. नांदेडच्या उत्तरेकडील नोव्हा येथील त्यांच्या गढीत अरब शिबंदी होती. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन यांच्या हाताखाली निजामाच्या फौजेने गढीला वेढा घातला, मोर्चे बांधले, तोफांनी तट फोडला आणि ३१ जानेवारीला हल्ला करून ती घेतली. आतील शिबंदी जवळजवळ सगळी कापली गेली. जिंकणाऱ्या पलटणींना पुढे ‘नोव्हा’ हा युद्धसन्मान मिळाला. हरणाऱ्यांचे स्मरण मात्र लोकांच्या तोंडीच राहिले.

ही ‘निजामाची फौज’ नेमकी कोणाची, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. पगार निजामाच्या खजिन्यातून, अधिकारी इंग्रज, हुकूम चाले तो हैदराबादच्या रेसिडेंटचा. तिच्यातील एका तुकडीचे तर नावच रसेल ब्रिगेड होते, रेसिडेंट हेन्री रसेल यांच्यावरून. पायदळात अवधकडील पुरभय्ये पुष्कळ. घोडदळ शिलेदारी पद्धतीचे, म्हणजे स्वाराने घोडा आपला आणायचा आणि त्यासह पगार घ्यायचा. अशा शेकडो माणसांचे पगार एका ठिकाणी पडू लागले की त्यांच्याभोवती बाजार उभा राहतोच. वाणी, कापडवाले, सराफ, शिंपी, नालबंद, घासवाले आले. दवाखाना आला, जनावरांचा दवाखानाही आला.

त्या बाजारातील एका कापड व्यापाऱ्याची हकीकत फिलिप मेडोज टेलर यांनी लिहून ठेवली आहे. टेलर स्वतः निजामाच्या फौजेत अधिकारी होते. हरिसिंग हा हिंगोली छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलर यांचाही त्याच्याशी व्यवहार होता. एकदा त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. तेच कापड दुसऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर वाटेवर आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने तो व्यापारी, त्याचे नोकर आणि बैल हाकणारे, सर्वांना ठार केले. सरकारी परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्यानेच कबुली दिली, तेव्हा कुठे हे कळले. पहाऱ्याच्या चौकीपासून हाकेच्या अंतरावर खून झाले होते आणि प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून फार दूर पुरलेली नव्हती.

ठगांविषयीचे इंग्रजी लेखन सगळेच जसेच्या तसे स्वीकारू नये. त्यात सनसनाटीही आहे आणि राज्य करण्याचे समर्थनही. पण ही हकीकत छावणीची फजिती सांगते, प्रौढी नव्हे. म्हणूनच ती अधिक विश्वासार्ह वाटते.

आता पैशाकडे वळू. फौजेचा वार्षिक खर्च चाळीस लाख रुपयांच्या घरात गेला. पेशकार चंदूलाल यांच्या कारभारात पगार भागवण्यासाठी हैदराबादच्या विल्यम पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्ज काढले गेले. ती पेढी बुडाली, कर्जाची सवय बुडाली नाही. निजामाकडून पगार थकला की कंपनी सरकार तो आपल्या खजिन्यातून देई आणि निजामाच्या नावे मांडी. १८५३ पर्यंत हा आकडा चाळीस लाखांच्या पुढे गेला.

त्या वर्षी मे महिन्यात तह झाला. फौजेचे नाव ‘हैदराबाद कंटिंजंट’ ठरले आणि तिच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजी कारभाराखाली गेला. रायचूर आणि धाराशिव १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मिळाला नाही.

या तहाने पैनगंगेचा अर्थ बदलला. उत्तर तीरावर इंग्रजी कचेरी, दक्षिण तीरावर निजामाची. हिंगोली खरे सीमेवरचे गाव झाले ते येथे, छावणी पडल्यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने. मुलूख राखण्यासाठी ठेवलेल्या फौजेच्या पगारातच मुलूख गेला, आणि नवी सीमा त्याच फौजेच्या दारापाशी येऊन थांबली. आज मराठवाडा आणि विदर्भ ही विभागणी आपल्याला निसर्गदत्त वाटते. पैनगंगा निसर्गदत्त खरी; पण तिच्यावरील रेघेला बळ दिले ते एका थकलेल्या पगाराच्या हिशेबाने.

नोव्हेंबर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांवर कायम भाडेपट्ट्याने घेतला. कंटिंजंटचे वेगळे अस्तित्व त्यानंतर लगेच संपले. १९०३ मध्ये पलटणी हिंदुस्थानी सैन्यात मिसळल्या आणि हिंगोलीची छावणी उठली. त्यांचे पायदळ १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाले आणि १९४५ मध्ये त्याच रेजिमेंटचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले.

छावणी उठली की तिच्यावर जगणारे गाव बहुधा ओस पडते. हिंगोली पडले नाही, कारण तोवर कापसाची मोठी पेठ तेथे उभी राहिली होती; १९१२ मध्ये पूर्णेहून रेल्वेही आली. पेन्शनपुऱ्यातील घरे उत्तरेकडे परत गेली नाहीत. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. कापसाच्या बरोबरीने आता हळदीचे सौदे होतात, दसऱ्याला रामलीला रंगते, आणि शहरात राज्य राखीव पोलीस बलाच्या बाराव्या गटाचे ठाणे आहे. कवायतीचे शिट्टीचे आवाज तेथे आजही सकाळी ऐकू येतात.