काळ्या पाषाणातील जलमार्ग

देवस्थानांच्या जुन्या दप्तरांत जमिनीच्या नोंदी विपुल आढळतात. अमुक शेताचे उत्पन्न नंदादीपासाठी, अमुक बागेचे नैवेद्यासाठी, अमुक कुळागर सेवेकऱ्याच्या योगक्षेमासाठी, असा तो तपशील असतो. जमीन देवाची, आणि माणसे तिची केवळ राखण करणारी, हीच त्या सर्व नोंदींमागील भावना होय. वाद उत्पन्न झाला म्हणजे ही दप्तरे न्यायालयापुढे ठेवता येतात व तेथे त्यांचे वाचन होते. परंतु ज्या समाजाने आपल्या भूमीविषयी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्याने आपला हक्क कशाच्या आधारे सिद्ध करावा? ऑस्ट्रेलियातील गुंडिचमारा नामक आदिम लोकसमूहावर हा प्रसंग आला. त्यांच्याजवळ कागद नव्हता. होते ते केवळ दगड, आणि त्या दगडांची मांडणी.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय कोपऱ्यात व्हिक्टोरिया हे राज्य आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागात, पोर्टलंड बंदराच्या आसपास, गुंडिचमारांची भूमी पसरली आहे. तेथे बज बिम नावाचा एक शांत झालेला ज्वालामुखी आहे. या नावाचा अर्थ ‘उंच मस्तक’. एका आद्य पूर्वजाने त्या स्थळी स्वतःस प्रकट केले. पर्वत हे त्याचे कपाळ, आणि भोवती विखुरलेले लाव्ह्याचे दगड हे त्याचे दात, अशी गुंडिचमारांची परंपरागत श्रद्धा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा उद्रेक सुमारे ३७ हजार वर्षांपूर्वी झाला. तेथून पूर्वेकडे असलेला टॉवर हिल हा ज्वालामुखीही त्याच सुमारास पेटला होता, आणि त्याच्या राखेच्या थराखाली १९४० च्या दशकात एक दगडी कुऱ्हाड सापडली होती. उद्रेकापूर्वीच त्या प्रदेशात मनुष्यवस्ती होती, असे यावरून ठरते. पूर्वजाच्या प्रकट होण्याची कथा ही प्रत्यक्ष पाहिलेल्या उद्रेकाची स्मृती असू शकेल काय, हा प्रश्न त्यामुळे विद्वानांनाही गंभीरपणे विचारात घ्यावा लागला.

बज बिमच्या मुखातून निघालेला लाव्हारस पन्नासहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन समुद्रास मिळाला. आपल्याकडील मंदिरे व मूर्ती ज्या काळ्या पाषाणातून घडल्या, त्याच जातीचा हा खडक. या प्रवाहाने ओढ्यांच्या जुन्या वाटा अडविल्या, आणि ठिकठिकाणी तळी व दलदली निर्माण झाल्या. त्यांपैकी प्रमुख तळे म्हणजे टे रॅक. इंग्रजांनी त्यास काँडा सरोवर असे नाव दिले. या पाण्यात वाम मासा विपुल आढळतो. गुंडिचमारा त्यास कूयांग म्हणतात. या माशाचे जीवन विलक्षण आहे. गोड्या पाण्यात तो अनेक वर्षे वाढतो आणि पूर्ण वाढ झाली की समुद्रात उतरून सहस्रावधी किलोमीटर दूर उत्तरेकडील प्रवाळसागरात अंडी घालण्यास जातो. तेथेच त्याचा अंत होतो. त्याची काचेसारखी पारदर्शक पिले समुद्रप्रवाहाबरोबर दक्षिणेकडे येतात आणि नद्यांच्या मुखांतून पुन्हा वर चढतात.

माशाच्या या येण्याजाण्यावर गुंडिचमारांनी आपली सारी योजना उभारली. लाव्ह्याच्या खडकातून त्यांनी चर खोदले, सुट्या दगडांचे बांध रचले, पुराचे पाणी वळवून लहान लहान तळ्यांत साठविले, आणि त्या तळ्यांत वाम वाढविले. बांधांत ठेवलेल्या फटींवर गवताने विणलेल्या लांबोळक्या टोपल्या बसवीत. मोठा मासा त्यांत अडके, लहान निसटून जाई. गोव्यातील खाजनशेतीचे बांध व मानस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही योजना समजण्यास कठीण नाही. पाणी केव्हा आत घ्यावे, केव्हा सोडावे आणि कोणता जीव राखावा, हे सर्व तीत ठरलेले असे. पकडलेले मासे पोकळ वृक्षांच्या खोडांत धुरावर वाळवून टिकविले जात. तळ्यांच्या काठी दगडी पायांची गोलाकार घरेही होती. अशा काही दगडी वर्तुळांविषयी पुरातत्त्वज्ञांत मतभेद झाले असले, तरी जलमार्गांविषयी तशी शंका उरलेली नाही. त्यांपैकी एका चराचे वय उत्खननाअंती सुमारे ६,६०० वर्षे निघाले, आणि २०१२ साली ते प्रसिद्ध झाले. इजिप्तमधील पिरॅमिडांच्याही पूर्वीची ही जलव्यवस्था आहे.

आता इतिहासाच्या दुःखद भागाकडे वळू. १८३४ साली हेन्टी कुटुंबाने पोर्टलंड येथे पहिली कायम गोरी वसाहत केली. त्याच्या आगेमागे, किनाऱ्यास लागलेल्या एका देवमाशावरून गोरे देवमासेमार व गुंडिचमारा यांच्यात तंटा झाला, आणि त्यात गुंडिचमारांची मोठी कत्तल झाली. मेंढ्यांचे कळप जसजसे आत शिरले, तसतसा संघर्ष पेटत गेला. तो युमेरेला युद्ध या नावाने ओळखला जातो. १८४० च्या दशकात तो अत्यंत तीव्र होता. घोड्यांना ज्यावरून दौडता येत नाही असा लाव्ह्याचा खडकाळ प्रदेश हाच त्या काळी गुंडिचमारांचा किल्ला झाला. ऑगस्टस रॉबिन्सन हा सरकारी संरक्षक अधिकारी १८४१ साली त्या बाजूस हिंडला. गुंडिचमारांच्या उत्तरेस, माउंट विल्यमच्या पायथ्याशी, शेजारच्या लोकांनी वामासाठी खोदलेले चर किमान पंधरा एकरांवर पसरलेले त्याने पाहिले व तशी नोंद करून ठेवली. परंतु ‘हे लोक भटके, यांना शेती ठाऊक नाही, जमिनीशी यांचा संबंध नाही’ हा समज राज्यकर्त्यांना सोयीचा होता. ती नोंद दीर्घकाळ कागदपत्रांतच पडून राहिली.

युद्धातून वाचलेल्यांसाठी १८६७ साली काँडा येथे ख्रिस्ती मिशनची वसाहत स्थापन झाली. तेथे अन्न व आसरा मिळाला, परंतु स्वतःची भाषा आणि चालीरीती यांवर बंधने आली. १८८६ च्या कायद्याने ३४ वर्षांखालील मिश्रवंशीयांस अशा वसाहतींतून बाहेर घालविले. त्यामुळे घरेच्या घरे दुभंगली. पहिल्या महायुद्धात लव्हेट कुटुंबातील पाच भाऊ साम्राज्यासाठी लढले. पुढे सैनिकांना जमिनी देण्याची योजना निघाली, आणि मिशनची राखीव जमीनही तीत वाटली गेली. ती गोऱ्या सैनिकांच्या वाट्याला आली. त्यांच्यापैकी एका भावाने अर्ज केला असता तो नामंजूर झाला. मिशनचे देवालय गुंडिचमारांनी आपल्या हातांनी उभारण्यास साह्य केले होते. ते १९५७ साली पाडून टाकण्यात आले. त्याच सुमारास टे रॅकचे पाणीही गेले. शेतकऱ्यांच्या कुरणांसाठी तळे उपसण्याचे प्रयत्न १८८० च्या दशकापासून चालले होते. १९४६ च्या महापुरानंतर मोठा नाला खोदण्यात आला, १९५४ साली ते काम पुरे झाले, आणि तळे कोरडे पडले. सहा सहस्र वर्षे वाहते राहिलेले चर गवताखाली झाकले गेले.

तथापि स्मृती नष्ट झाली नव्हती. कॉनी हार्ट या वृद्धेची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. टोपल्या विणणे हे जुन्या जगातले काम, ते शिकू नकोस, असे आईने त्यांना बजावले होते. ही आज्ञा मुलीच्या कल्याणासाठीच होती. परंतु लहानगी कॉनी आईच्या हातांकडे गुपचूप पाहत राहिली. पुढे आयुष्याच्या उतरणीस त्यांनी तीच वीण पुन्हा हाती घेतली, वाम धरण्याच्या टोपल्या विणल्या आणि इतरांना शिकविल्या. १९९३ साली त्या निवर्तल्या. ती वीण मात्र आज तरुण हातांत आहे.

पुनरुत्थानाचा खरा आरंभ एका खटल्याने झाला. पोर्टलंड येथे ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना उभारण्याचे ठरले. त्या जागी पूर्वजांचे अवशेष आहेत, म्हणून सँड्रा ओनस व क्रिस्टिना फ्रँकलंड या दोन गुंडिचमारा स्त्रियांनी न्यायालयाचे दार ठोठावले. खालच्या न्यायालयांनी विचारले, ‘जमीन तुमच्या मालकीची नाही, मग तुमचे नुकसान ते काय?’ आपल्याकडील विधीप्रमाणे देवता ही स्वतःच विधिमान्य व्यक्ती ठरते व तिच्या नावे दावा चालतो. या स्त्रियांना तशी सोय नव्हती. पूर्वजांच्या अवशेषांविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार तरी आहे, एवढेच त्यांना प्रथम सिद्ध करावे लागले. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. कारखाना पुढे उभा राहिलाच. परंतु या निर्णयानंतरच्या वाटाघाटींतून १९८७ साली केंद्रीय संसदेने व्हिक्टोरियाच्या विनंतीवरून कायदा केला, आणि काँडा मिशनची भूमी त्या लोकांकडे परत आली.

१९९२ च्या माबो निर्णयाने मूळ रहिवाशांचा भूमिहक्क तत्त्वतः मान्य झाला व १९९३ साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्यात एक कठोर अट होती. वसाहत होण्यापूर्वीची परंपरा अखंड चालत आली आहे, असे दावेदारांनी दाखवावयाचे होते. म्हणजे ज्या राज्यसत्तेने भाषा मोडली, कुटुंबे फोडली आणि तळे उपसले, तिच्याच न्यायासनापुढे ‘आमची परंपरा तुटली नाही’ असे सिद्ध करावयाचे! त्याच राज्यातील योर्टा योर्टा लोकांचा दावा या अटीपायी २००२ साली कायमचा फेटाळला गेला. गुंडिचमारांच्या बाजूने मात्र त्यांचे दगड बोलले. चर, बांध, टोपल्यांची वीण, वृद्धांच्या मुखातील स्थळांची नावे, आणि अनेक पिढ्यांनी ती भूमी न सोडता तिच्या आसपास काढलेले दिवस, या सर्वांचा पुरावा झाला. ३० मार्च २००७ रोजी बज बिमच्या परिसरातच न्यायालय भरले आणि सुमारे १ लाख ४० हजार हेक्टर सरकारी भूमी व जल यांवरील त्यांचे हक्क मान्य झाले. हे हक्क अनन्य मालकीचे नव्हते. जाणे-येणे, वापर आणि पवित्र स्थळांचे रक्षण यांचे होते.

हे हक्क धारण करण्यासाठी कायद्यास एक संस्था हवी होती. २००५ साली गुंडिच मिरिंग हे मंडळ स्थापन झाले होते. गुंडिच म्हणजे ‘अमुक स्थळाचा’, आणि मिरिंग म्हणजे भूमी. भूमी आमची, असे न म्हणता आम्ही भूमीचे, असे सांगणारे हे नाव आहे. पूर्वजांची भूमी राखण्यासाठी सभासदांची यादी, संचालक, वार्षिक सभा आणि हिशेब यांचा व्याप मागे लागावा, हे काहीसे विचित्र वाटते. देवस्थानांच्या समित्यांवर काम केलेल्यांना त्यातील कष्ट निराळे सांगावयास नकोत. परंतु जुने कर्तव्य पार पाडण्यासाठी नवा पेहराव चढवावा लागला, तर तो चढविण्यात कमीपणा नाही.

मंडळाच्या आणि त्याच्या सहकारी संस्थांच्या कामात सर्वांत महत्त्वाचे ठरले ते पाणी. २००८ साली टे रॅकची भूमी हाती आली, पण तळे कोरडेच होते. पाण्यावाचून मिळालेली भूमी म्हणजे मूर्तीवाचून मिळालेला गाभारा! २००२ पासून चाललेल्या प्रयत्नांना २०१० साली फळ आले. नाल्यावर बांध घालण्यात आला, तळे भरू लागले, आणि जुन्या चरांतून पाणी पुन्हा खेळू लागले. जे मार्ग संशोधकांनी नकाशावर काढले होते, त्यांतून पाणी आपल्या वाटेने आपोआप गेले. खोदणाऱ्या पूर्वजांच्या चातुर्याची याहून मोठी साक्ष कोणती?

आज गुंडिचमारा वनरक्षक त्या प्रदेशात फिरतात, उपरे तण व ससे-कोल्हे यांचा बंदोबस्त करतात, स्थळांची राखण करतात आणि येणाऱ्यांस वाट दाखवितात. २०१७ साली तेथील राष्ट्रीय उद्यानास बज बिम हे मूळ नाव परत मिळाले. ६ जुलै २०१९ रोजी बाकू येथील अधिवेशनात युनेस्कोने सुमारे दहा हजार हेक्टरांच्या या क्षेत्रास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. केवळ आदिम संस्कृतीच्या मूल्यासाठी हा मान मिळालेले ऑस्ट्रेलियातील ते पहिलेच स्थळ होय. त्याच वर्षाच्या अखेरीस विजेने वणवा लागला, आणि गवत जळून गेल्यावर आजवर अज्ञात असलेले आणखी काही चर दृष्टीस पडले. २०२२ साली टे रॅकच्या काठी वामपालनाचे केंद्रही उघडले.

या इतिहासातून काय घ्यावे? दप्तर जपणे आवश्यक आहे, यात संशय नाही. परंतु गुंडिचमारांचा हक्क अखेर टिकला, तो भूमीच्या प्रत्यक्ष सेवेच्या खुणांवर. आणि तो हक्क पुरा झाला, तो तळ्यात पाणी आल्यावर. देवाच्या नावे नोंदलेली तळी, बांध व राया आपणांकडेही आहेत. त्यांचे कागद आपण कुलपात सुरक्षित ठेवले असतील. त्या तळ्यांत आज पाणी किती आहे, हे मात्र काठावर जाऊनच पाहावे लागेल.